फोडातले पाणी आणि कोरी प्लेट

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला कोऱ्या प्लेटचे, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीत काहीच न उगवण्याचे, अप्रूप राहत नाही. नमुना उशिरा पोहोचलेला असतो, कोणीतरी आधीच प्रतिजैविक देऊन ठेवलेले असते, नाहीतर आजार जिवाणूंचा नसतोच. मग सकाळी इनक्युबेटरचे दार उघडून, रक्त अगारची, म्हणजे रक्त मिसळलेल्या जेलीची, लाल प्लेट उजेडात तिरपी धरून बघायची आणि नोंदवहीत ‘ग्रोथ नाही’ असे लिहून मोकळे व्हायचे. १९९६ च्या मे महिन्यात माझ्या हाती आलेल्या एका कोऱ्या प्लेटने मात्र निदानाची दिशाच बदलली. ती कोरी का राहिली हे पाठ्यपुस्तकात होते. ज्या विषामुळे ती कोरी राहिली ते विष नेमके काय कापते, हे मात्र तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हते.

मी तेव्हा एका जिल्ह्याच्या गावी, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होते. दुपारी बालरोग विभागातला निवासी डॉक्टर स्वतः सिरिंज घेऊन आला. सिरिंजमध्ये जेमतेम अर्धा मिलिलिटर, किंचित पिवळसर, पातळ पाणी होते आणि सोबतच्या कागदावर ‘मुलगा, वय १९ दिवस, भाजले?’ असे लिहिलेले होते. प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेले होते. तो म्हणाला, “मॅडम, आजी म्हणते मालीशवाल्या बाईनं कडत पाणी ओतलं. बाई म्हणते, हातावर घेऊन बघितल्याशिवाय मी पाणी घालतच नाही. पोरगं तर सोलून निघतंय. एमएलसी करायची का, सर विचारतायत.” भाजल्याच्या प्रकरणाची एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे नोंद, होते, म्हणजे त्या बाईच्या दारात शिपाई जाणार होता. मी पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घेतला, जिवाणू रंगवून दाखवणारा ग्रॅम स्टेन केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ शोधले. जिवाणू एकही नव्हता, पूपेशीही बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. उरलेले पाणी प्लेटवर रेखून इनक्युबेटरमध्ये ठेवले आणि, सहसा करत नाही ते केले, म्हणजे त्याच्याबरोबर वॉर्डात गेले.

बाळ आईच्या मांडीवर होते आणि आईने त्याला धरलेले नव्हते. तिने दोन्ही हात त्याच्या बाजूंना, बोटभर अंतर राखून ठेवले होते, कारण कुठेही हात लावला की ते किंचाळत होते. चेहरा, मान आणि काखा उन्हात राबलेल्या माणसासारख्या लालबुंद झाल्या होत्या. तोंडाभोवती सुकलेल्या खपल्या होत्या आणि ओठांच्या कडांपासून बाहेरच्या बाजूला बारीक चिरा गेलेल्या होत्या, जणू कोणी पुरचुंडीचे तोंड आवळून बांधले आहे. पाठीवर दोन मोठे, सैल, लोंबते फोड होते आणि मांडीच्या सांध्यात फोड फुटून कातडीचा पापुद्रा ओल्या टिशू पेपरसारखा गुंडाळला गेला होता. त्याखालचा भाग ओलसर, गुलाबी, चकचकीत होता. निवासी डॉक्टरने खांद्यावरच्या, फोड नसलेल्या, साध्या लाल दिसणाऱ्या त्वचेवर अंगठा टेकवून हलकेच सरकवला, आणि भिजवलेल्या बदामाची साल निसटावी तशी वरची कातडी अंगठ्याबरोबर सरकली. या खुणेला निकोल्स्कीची खूण म्हणतात. रशियन त्वचारोगतज्ज्ञ प्योत्र निकोल्स्की यांनी ती १८९६ मध्ये वर्णन केली, आणि तीही या आजारात नव्हे, तर पेम्फिगस फोलिएशिअस नावाच्या मोठ्या माणसांच्या एका फोडांच्या आजारात. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. शंभर वर्षांनी त्याचाच उपयोग झाला.

पाण्याने भाजलेल्या मुलाच्या अंगावर पाण्याची वाट दिसते: ओघळ, कडा, कुठे पाणी साचले आणि कुठे उडाले याचे नकाशे. इथे तसे काही नव्हते. उलट काखा, मानेच्या वळ्या आणि जांघा, म्हणजे जिथे त्वचा त्वचेवर घासते ती ठिकाणे, सर्वांत जास्त सोललेली होती. दुसरे असे की सकाळी वॉर्डात आणले तेव्हा खांदा चांगला होता आणि दुपारी तिथली कातडी सुटली होती. भाजल्याची जखम वॉर्डात येऊन नव्या जागी पसरत नाही. तिसरी गोष्ट निवासी डॉक्टरने दाखवली. बाळ रडायला तोंड उघडायचे तेव्हा ओठांच्या आतली बाजू, हिरड्या आणि जीभ अगदी स्वच्छ दिसत होत्या. बाहेर एवढा कहर आणि दोन मिलिमीटर आत काहीही नाही, ही विसंगती मला तेव्हा फक्त निदानाच्या सोयीची वाटली होती. सगळे रहस्य तिथेच होते, हे पुढे कळले.

मी आजींना विचारले, “आजी, बेंबी कशी आहे? नाळ कधी पडली?” त्यांनी सांगितले की नाळ सातव्या दिवशी पडली, पण बेंबी ओली राहिली म्हणून त्या रोज तेलात हळद कालवून लावत होत्या आणि वरून पावडर टाकत होत्या. लंगोट सोडून पाहिले. बेंबीच्या कडेला हळदीची पिवळी खपली होती आणि ती उचलल्यावर खाली थेंबभर पू. आम्ही तिथला एक स्वॅब घेतला, एक नाकातून घेतला आणि एक चिकट झालेल्या डाव्या डोळ्यातून.

दुसऱ्या दिवशी फोडाच्या पाण्याची प्लेट कोरी होती. बेंबीच्या प्लेटवर मात्र गोल, फुगीर, लोण्याच्या रंगाकडून सोनेरीकडे झुकणाऱ्या वसाहती दाटीवाटीने उठल्या होत्या आणि प्रत्येकीभोवतीचे रक्त विरघळून स्वच्छ कडे तयार झाले होते. नाकाच्या प्लेटवरही त्याच, थोड्या विरळ. एक वसाहत नळीतल्या रक्तद्रवात मिसळून ठेवली, तर चार तासांत त्याचे जेलीसारखे दही झाले. नळी उलटी केली तरी ते खाली आले नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस. आम्ही प्रयोगशाळेत त्याला नुसते ‘स्टॅफ’ म्हणतो, घरच्या माणसासारखे, आणि खरोखरच तो घरचाच आहे. जिवाणूंचा पाठ शिकवताना मी विद्यार्थ्यांना स्वतःच्या नाकातला स्वॅब मॅनिटॉल सॉल्ट अगारवर रेखायला सांगत असे. या अगारमध्ये साडेसात टक्के मीठ असते, त्यामुळे इतर बहुतेक जिवाणू तिथे तग धरत नाहीत, आणि स्टॅफ ऑरिअस वाढला की तिथला गुलाबी रंग पिवळा होतो. प्रत्येक तुकडीत काही जणांच्या प्लेटा पिवळ्या व्हायच्याच. ज्यांच्या व्हायच्या ते दिवसभर नाकाला हात लावत नसत. साधारण दर तीन-चार माणसांमागे एकाच्या नाकात हा जिवाणू काहीही त्रास न देता राहत असतो.

फोडात जिवाणू नाहीत आणि बेंबीत आहेत, या दोन ओळी एकाच अहवालावर लिहिल्या की निदान पुरे होते. हा आजार जिवाणूंचा असला तरी त्वचेवर जिवाणूंनी हल्ला केलेला नसतो. जिवाणू बेंबीत, नाकात, घशात किंवा डोळ्यात बसून विष तयार करतात, ते रक्तात उतरते आणि दूरवरच्या धडधाकट त्वचेत जाऊन आपले काम करते. वैद्यकात त्याला स्टॅफिलोकॉकल स्काल्डेड स्किन सिंड्रोम म्हणतात, म्हणजे स्टॅफमुळे पोळल्यासारखी दिसणारी त्वचा. याच विषाचे छोटे, स्थानिक रूप आपण पुष्कळदा पाहतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात मुलांच्या हातापायांवर पातळ भिंतीचे पाणीदार फोड उठतात, फुटून मधासारखी खपली धरतात आणि शेजारच्या मुलांनाही होतात. तिथे जिवाणू फोडातच असतो, विष जिथल्या तिथे झिरपते आणि प्लेटवर ग्रोथ मिळते. विष रक्तात उतरले की चित्र पालटते, आणि मग फोडातले पाणी तपासणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन प्रागमधले आहे. तिथल्या अनाथ अर्भकांच्या आश्रमाचे प्रमुख असलेले गॉटफ्रीड रिटर फॉन रिटरशाइन यांनी १८७८ मध्ये, दहा वर्षांत पाहिलेल्या २९७ तान्ह्या बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. २९७ हा आकडा वाचताना मला नेहमी त्या आश्रमाची कल्पना करावीशी वाटते: टाकून दिलेली मुले, ओळीने खाटा, एकीकडून दुसरीकडे जाणारे दाईंचे हात. एका छपराखाली एकाच आजाराची एवढी बाळे जमतात तेव्हा आजाराचा धागा हातांवरून आणि नाकांवरून फिरत असणार, हे आज आपण सहज म्हणतो. रिटर यांना ते म्हणता येणे शक्य नव्हते, कारण जिवाणूला अजून नावही मिळालेले नव्हते. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवांच्या पुवात द्राक्षांच्या घडासारखे गोळे पाहून १८८२ मध्ये ‘स्टॅफिलोकॉकस’ हे नाव दिले आणि १८८४ मध्ये रोझेनबाख यांनी त्यातल्या सोनेरी जातीला ‘ऑरिअस’ म्हटले.

मध्ये बरीच वर्षे गोंधळात गेली आणि त्या गोंधळाचे नाव आहे लायेल. ॲलन लायेल या ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांनी १९५६ मध्ये, पोळल्यासारखी त्वचा सुटून येणाऱ्या चार रुग्णांचे वर्णन केले आणि त्या अवस्थेला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस असे नाव दिले. पुढे उलगडत गेले की एकाच नावाखाली दोन वेगळे आजार बसवले गेले होते. एक औषधाच्या विपरीत प्रतिक्रियेने होणारा, ज्यात बाह्यत्वचा तळापासून मरते, तोंड आणि डोळे आतून सोलले जातात आणि जीव जाण्याची शक्यता मोठी असते. दुसरा स्टॅफच्या विषाचा, ज्यात पेशी मरत नाहीत, फक्त वरचा पातळ थर सुटतो. फोडाच्या छताचा तुकडा गोठवून काप काढला तर काही मिनिटांत फरक दिसतो: औषधाच्या आजारात छतामध्ये बाह्यत्वचेची पूर्ण जाडी असते, स्टॅफच्या आजारात जेमतेम वरचे काही थर. आमच्याकडे तशी सोय नव्हती, म्हणून तोंडाच्या आतली स्वच्छ त्वचा हाच आमचा काप. हा भेद पुस्तकी नाही. पहिल्यात चालू औषध ताबडतोब थांबवायचे असते आणि दुसऱ्यात औषध ताबडतोब सुरू करायचे असते.

स्टॅफचा दोष पुराव्यानिशी सिद्ध झाला तो १९७० मध्ये. अमेरिकेत रोचेस्टर येथे मॅरियन मेलिश आणि लॉवेल ग्लासगो यांनी रुग्ण मुलांकडून मिळालेले स्टॅफ उंदरांच्या नवजात पिल्लांना टोचले आणि काही तासांतच पिल्लांची कातडी बोटाने सरकू लागली. पुढच्या एक-दोन वर्षांत निरनिराळ्या प्रयोगशाळांनी जिवाणू बाजूला काढून, केवळ गाळलेल्या द्रवातले प्रथिन टोचून तोच परिणाम घडवून दाखवला. त्या प्रथिनाला एक्सफोलिएटिव्ह टॉक्सिन, म्हणजे पापुद्रे काढणारे विष, असे नाव मिळाले. माणसांत आढळणारी त्याची मुख्य रूपे दोन, ए आणि बी. ए चा जनुक जिवाणूला मिळतो तो त्याच्या अंगात मुक्कामाला आलेल्या विषाणूकडून, आणि बी चा जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यावर असतो. थोडक्यात, कातडी सोलण्याची विद्या या जिवाणूची वडिलोपार्जित नाही, ती हातउसनी घेतलेली आहे आणि साधारण शंभरातल्या पाचेक वंशांकडेच असते. माझ्या पिवळ्या प्लेटवाल्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच फार घाबरण्याचे कारण नव्हते.

वॉर्डात मी हे सगळे निवासी डॉक्टरला सांगत होते, तेव्हा त्याने साधा प्रश्न विचारला: “पण मॅडम, हे विष नेमकं करतं काय?” मी म्हणाले, पेशी एकमेकींपासून सुटतात. तो म्हणाला, “ते दिसतंय. पण कापतं काय?” १९९६ मध्ये याचे उत्तर नव्हते. विषातल्या अमिनो आम्लांचा क्रम प्रथिने कापणाऱ्या एका ओळखीच्या विकरकुळाशी जुळत होता. त्याच कुळातले एक विकर स्टॅफ स्वतः वेगळ्या कामासाठी बनवतो. दुसऱ्याच वर्षी, १९९७ मध्ये, क्ष-किरणांच्या साहाय्याने विष ए ची त्रिमितीय रचना उलगडली आणि कात्रीची पाती तिथे जागच्या जागी आहेत हे डोळ्यांना दिसले. पण हाताशी असलेली नाना प्रथिने पुढे ठेवून पाहिली तरी ती कात्री धड काही कापेना. काहींनी तर ही कात्री नसेलच, विषाचा मार्ग निराळा असेल, असेही म्हणायला सुरुवात केली होती.

उत्तर आले ते जिवाणूंचा अभ्यास करणाऱ्यांकडून नव्हे, आणि मला या कथेतला हाच भाग सर्वांत जास्त आवडतो. जपानमधल्या केइओ विद्यापीठाचे मासायुकी अमागाई हे पेम्फिगसचे अभ्यासक. पेम्फिगस म्हणजे शरीराने स्वतःच्याच त्वचेविरुद्ध प्रतिपिंडे तयार केल्यामुळे होणारा फोडांचा आजार. त्याच्या फोलिएशिअस प्रकारात ही प्रतिपिंडे डेस्मोग्लीन-१ नावाच्या प्रथिनाला चिकटतात. त्वचेच्या पेशी एकमेकींना जिथे घट्ट धरतात तिथे हे प्रथिन दोन्ही पेशींतून बाहेर येऊन मधल्या फटीत परस्परांत गुंतलेले असते. गोधडीचे थर जसे धावदोऱ्याने एकमेकांना धरून असतात, तसे. आता दोन आजार शेजारी ठेवून पाहा. पेम्फिगस फोलिएशिअसमध्ये फोड बाह्यत्वचेच्या अगदी वरच्या थरात होतो, तोंड आतून स्वच्छ राहते आणि निकोल्स्कीची खूण मिळते. त्या १९ दिवसांच्या बाळातही फोड त्याच थरात, तोंड तसेच स्वच्छ आणि खूण तीच. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही काप एकमेकांत मिसळले तर भल्याभल्यांना वेगळे काढता येणार नाहीत. निकोल्स्कींची खूण शतकभर प्रत्येक पाठ्यपुस्तकात दोन्ही आजारांच्या प्रकरणांत छापली जात होती, मीही ती दोन्हीकडे शिकवत होते, आणि खूण एक तर सुटणारा टाकाही एकच असेल, असा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

अमागाई आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्यांचे जुने सहकारी जॉन स्टॅन्ली यांनी तो विचार तपासून पाहिला. २००० मध्ये त्यांनी दाखवले की विष ए डेस्मोग्लीन-१ ला कापते आणि त्याचे सख्खे भावंड असलेल्या डेस्मोग्लीन-३ ला स्पर्शही करत नाही. २००२ मध्ये कापण्याची जागाही सापडली: साखळीतल्या ३८१ व्या क्रमांकाच्या ग्लुटामिक आम्लानंतरचा एक बंध. प्रथिनाची लांबलचक साखळी, पेशीबाहेर त्याच्या ओळीने गुंफलेल्या गाठी, आणि तिसऱ्या व चौथ्या गाठीच्या मधला एकच बंध. शिवाय कॅल्शियम काढून घेऊन डेस्मोग्लीनची घडी मोडली तर कात्री चालतच नाही, तिला लक्ष्य पूर्ण आकारात समोर लागते. नाना प्रथिने पुढे टाकून काही कापले जात नव्हते यात नवल नव्हते.

आता तोंडाच्या आतल्या स्वच्छतेकडे परत येते. बाह्यत्वचेच्या वरच्या थरात पेशींना धरून ठेवण्याचा भार मुख्यतः डेस्मोग्लीन-१ वर असतो. खालच्या थरांत आणि तोंडाच्या अस्तरात डेस्मोग्लीन-३ भरपूर असते. विषाने १ कापले तरी जिथे ३ आहे तिथे ते धरून ठेवते, जिथे नाही तिथे थर सुटतो. म्हणजे फोड किती खोल होणार, कुठे होणार आणि कुठे थांबणार, हे विष ठरवत नाही; ते कापते एकच गोष्ट, आणि बाकीचे आपल्या त्वचेच्या बांधणीने ठरते. ओठाच्या कडेवर चिरा आणि दोन मिलिमीटर आत निर्मळ गुलाबी हिरडी, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. तो टाक्यांच्या वाटणीचा नकाशाच होता. डुकरांच्या पिल्लांनाही स्टॅफच्या दुसऱ्या एका जातीमुळे असाच कातडी सुटण्याचा आजार होतो आणि त्या जिवाणूचे विषही डुकराचे डेस्मोग्लीन-१ कापते. वेगळ्या यजमानासाठी वेगळ्या जिवाणूने तोच टाका हेरावा, याचा मला अजून अचंबा वाटतो.

जखम भरण्याचा प्रश्नही यातच सुटतो. थर सुटतो तो वरचा. नव्या पेशी घडवणारा तळाचा थर शाबूत असतो, म्हणून आठ-दहा दिवसांत नवी कातडी येते आणि डाग राहत नाही. पण दरम्यान उघडी पडलेली त्वचा पाणी आणि ऊब गमावत असते, बाळाला असह्य वेदना असतात, वरून दुसरे जंतू शिरण्याचा धोका असतो, आणि या कारणांनी बाळ दगावूही शकते. आमच्या बाळाला शिरेतून क्लॉक्सॅसिलिन सुरू झाले. आमच्या स्टॅफवर पेनिसिलिन चालत नव्हते, ज्याचे आश्चर्य वाटण्याचे दिवस तेव्हाच सरले होते, पण क्लॉक्सॅसिलिनने प्लेटवर चांगले रुंद वर्तुळ साफ केले होते. शिरेतून क्षार-पाणी, वेदनाशामक, निर्जंतुक कापडाची गादी, त्वचेवर व्हॅसलीनसारखा साधा मुलायम लेप आणि हाताळणी शक्य तेवढी कमी. सुटलेली कातडी ओढून काढायची नाही, चिकटपट्टी लावायची नाही. स्टिरॉइड द्यायचे नाही. पेम्फिगसमध्ये स्टिरॉइड उपकारक असते, कारण तिथे शत्रू शरीराची स्वतःची प्रतिपिंडे असतात, इथे ते देणे म्हणजे जिवाणूला मोकळे रान देणे. प्रतिजैविक रक्तातले विष नष्ट करत नाही, ते विषाचा कारखाना बंद करते. आधीच बाहेर पडलेला माल संपेपर्यंत कातडी सुटतच राहते, म्हणून उपचार सुरू झाल्यावरही दुसऱ्या दिवशी बाळाच्या पाठीवर नवा फोड आला, तेव्हा आजी ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून दुसरीकडे न्यायला निघाल्या होत्या. त्यांना थांबवण्यात निवासी डॉक्टरची पाऊण तासाची दमछाक झाली.

तो माल संपवणारी यंत्रणा म्हणजे मूत्रपिंडे, आणि नवजात बाळाची मूत्रपिंडे अजून पूर्ण जोमाने काम करत नसतात. मोठ्या माणसांपैकी बहुतेकांच्या रक्तात या विषाविरुद्ध प्रतिपिंडेही असतात, नकळत झालेल्या लहानसहान संसर्गांतून मिळवलेली. या दोन कारणांनी हा आजार मुख्यतः पाच-सहा वर्षांखालच्या मुलांचा आहे. मोठ्या माणसाला झालाच तर तो सहसा मूत्रपिंडे निकामी झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसाला होतो, आणि मग मात्र गंभीर असतो: नीट उपचार मिळालेली मुले बहुतेक सगळी वाचतात, मोठ्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावतात. मोठ्यांचा मृत्यू पुष्कळदा सोबतच्या मूळ आजाराने होतो, हेही खरे.

बेंबीविषयी मी आजींना दोष दिला नाही. टाळूला तेल, न्हाऊ घालणे, शेक, धुरी, यांतले सगळेच वाईट आहे असे मी मानत नाही. पण नाळ तुटलेली जागा ही उघडी जखम असते. ती कोरडी आणि मोकळी ठेवावी, तिच्यावर हळद, तेल, पावडर, राख, काहीही लावू नये आणि लंगोट बेंबीच्या खाली बांधावा, एवढेच सांगणे पुरते. हळद जंतुनाशक आहे असे आजी ठासून म्हणाल्या. मी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्याच हळदीखालून निघालेले द्राक्षांचे घड दाखवले. बराच वेळ एक डोळा मिटून पाहिल्यावर त्यांनी विचारले, “बाई, मग फोडात काहीच नव्हतं?” मी नाही म्हटले. “म्हणजे फोड उगाच फोडत बसलो आपण.” हे वाक्य माझ्या वर्गात मी पुढे अनेकदा वापरले.

एमएलसी झाली नाही. बाळ अकराव्या दिवशी घरी गेले तेव्हा त्याच्या खांद्यांवर पिठासारखे पांढरे कोंडे सुटत होते आणि खाली सगळी नवी, जरा जास्तच गोरी दिसणारी कातडी होती. मालीशवाली बाई त्याला न्यायला आली होती. आजी तिच्याशी बोलत नव्हत्या, पण बाळ मात्र तिच्याकडेच होते.

त्या प्रकरणानंतर फोडाच्या पाण्याच्या अहवालावर ‘ग्रोथ नाही’ एवढेच लिहायचे मी सोडले. तान्ह्या बाळाचा नमुना असेल तर खाली पेनने ‘नाक, घसा, डोळे व बेंबी यांचे स्वॅब पाठवावेत’ अशी ओळ घालू लागले. दोनेक वर्षांनी एका रात्री अशाच एका बाळाचा नमुना आला. तो घेऊन येणारी निवासी डॉक्टर मुलगी नवीन होती. तिच्या ट्रेमध्ये नाकाचा स्वॅब होता, बेंबीचा होता, दोन्ही डोळ्यांचे होते. मी विचारले, फोडाचे पाणी कुठे आहे? ती म्हणाली, “ते नाही आणलं मॅडम. त्यात काही नसतं, असं वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या.”